ऊर्फ

सासूबाईंनी सांगितलं होतं, ग्रिझेल जमीनदाराची लेक.
कोळ्यावर जीव जडला, म्हणून
दागिन्यांची पेटी तिथंच टाकून निघून आली.
पाच पिढ्या घरात हीच गोष्ट,
चहाबरोबर बिस्किट पुढे करावं तशी.

मी विकच्या दप्तरखान्यात तीन शनिवार बसले.
वारा असा की गाडीचं दार उघडायला दोन हात लागतात.

पहिल्या शनिवारी ती खानेसुमारीत सापडली, १८६१ च्या.
ग्रिझेल स्वॉन्सन, वय छत्तीस, हेरिंग चिरणारी.
खिडकी असलेल्या खोल्या: एक.
माणसं: सात.
दहा वर्षं मागे गेले, तर वय एकोणतीस.
दहा वर्षं पुढे, त्रेचाळीस.
दशकाला सातच वर्षं वाढणारी बाई.
मला ती तिथंच आवडली.

मग मृत्यूचा दाखला. माहेरचं आडनाव ब्रेम्नर.
बापाचा धंदा: जोडे शिवणे.
मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. जोडेच.

इथे बाईची दोन्ही नावं लिहितात,
ब्रेम्नर ऊर्फ स्वॉन्सन,
आणि दगडावर कोरताना बहुतेक पहिलंच.
माझ्या आईचं नाव तांदळात अंगठीनं लिहून बदललं होतं.
तो तांदूळ नंतर शिजवला का, हे मी तिला
कधी विचारलं नाही.

१८५५ या एकाच साली कारकुनांना हुकूम होता
सगळं विचारा.
पुढच्या वर्षी रकाने कमी झाले,
हात दुखले असतील.
ग्रिझेलला मूल झालं ते नेमकं त्याच साली.
आधीची अपत्ये: दोन मुलगे हयात, एक मुलगी मयत.
मयत मुलीचं नाव लिहायला जागा नव्हती.
खाली सहीऐवजी फुली,
एक पाय लांब, शाई ओघळलेली.
सुरी लागू नये म्हणून बोटांना चिंध्या बांधत त्या.
तशाच हातानं टाक धरला असेल.

तिसऱ्या शनिवारी चर्चच्या पंचांची वही,
नोव्हेंबर १८४३:
ग्रिझेल ब्रेम्नर, अविवाहित, हजर.
विचारलं, मुलीचा बाप कोण. उत्तर नाही.
पुन्हा विचारलं. उत्तर नाही.
देवाची भीती घालून विचारलं.
उत्तर नाही. बैठक तहकूब.

असं चार पानं.

त्या न दिलेल्या उत्तरात
कुणीतरी पुढे जमीनदार आणून बसवला असावा.
मुलीचा बाप सरकत सरकत आईचा बाप झाला,
आणि दागिन्यांची पेटी कुठून आली ते देव जाणे.

सासूबाई, म्हणजे विल्यमीना, अठ्ठ्याऐंशी,
बटाटे सोलत होत्या, त्याच आखूड सुरीनं
जी ड्रॉवरमध्ये कायम आहे आणि कुणी आणली माहीत नाही.
मी आठवडाभर शब्द जुळवले होते.
सगळं ऐकून म्हणाल्या,
"म्हणजे जमीनदार नाही?"
नाही.
"आणि हिनं सांगितलंच नाही त्यांना?"
चारही वेळा नाही.
साल तुटली. त्यांनी ती पाण्यातून काढून बाजूला ठेवली.

मी वंशावळीचा कागद उलगडला.
दोन मुलांच्या आधी एक चौकोन, पेन्सिलनं काढलेला, आत काहीच नाही.
ओलं बोट त्याच्यावर ठेवून त्या बराच वेळ थांबल्या.
कागद तिथं जरा फुगला.

मग म्हणाल्या, या सुरीला धार लावायला हवी,
माझ्या आठवणीत कुणी लावलेली नाही.