नकल शाखा

नाव नाही सांगत. तुम्हाला येतं ते गाणं,
सगळ्यांनाच येतं.
सिनेमात हिरोईन पाठमोरी उभी असते आणि तळ्यात एक होडी.
मी बोलतेय ते त्या गाण्याबद्दल नाही.

जेल रोडवर हासानंदच्या दुकानात
खरी कॅसेट अठ्ठावीसला, ही बाराला.
बाबांनी एकेका हातात एकेक घेतली,
वांगी घ्यावीत तशी तोलली,
आणि बारा रुपये मोजले.
कव्हरवर नुसतंच गुलाबाचं फूल,
मागे मुंगीएवढ्या अक्षरांत:
आवाज, कु. कुमुदिनी खासगीवाले.

आई म्हणाली, डुप्लिकेट आणलीत.
बाबा कलेक्टर कचेरीत नकल शाखेत होते,
लागलं त्यांना ते.
"डुप्लिकेट नाही, नकल.
मी काय दिवसभर खोटं लिहितो?"

लोकमान्य नगरच्या दोन खोल्यांत
गाणं मग राहायलाच आलं.
एक तबला, आणि एक कॅसिओ
ज्याला बासरी व्हायचं होतं, झालं नाही.
मूळ गाणारी जिथे श्वास लपवते
तिथे हिने तो उघड घेतलेला,
जिना चढून आलेल्या बाईसारखा.
आणि दुसऱ्या अंतऱ्याच्या टोकाला, लांबून,
टेंपोचा हॉर्न.
सियागंजात कुठेतरी खिडकी नीट लागली नसणार.
मला तो चालीतलाच वाटे.
विन्या तर तेवढाच गायचा.

रेडिओवरच्या बाया फार वर जात.
आई अर्ध्यातच त्यांचा नाद सोडायची,
सुई तोंडात धरून गप्प व्हायची.
कुमुदिनीबरोबर मात्र
अख्ख्या साडीचा फॉल लागेपर्यंत गायची.

खरं गाणं नीट ऐकलं ते बारावीत,
अनघा ओखद्यांच्या घरी, हेडफोन लावून.
किती स्वच्छ. चाळीसेक व्हायोलिनं असतील.
मी हॉर्नची वाट पाहत राहिले.
गाणं संपलं.
यातलं कुणीतरी काहीतरी कापलंय, म्हटलं मी,
आणि अनघा माझ्याकडे बघतच राहिली.

मग कितीतरी वर्षांनी, पोलोग्राउंड, विजेचं बिल.
खिडकीच्या आत चष्मा, केसांत मेंदी.
"छुट्टे दीजिए," ती म्हणाली,
आणि 'छुट्टे'च्या आधी
तोच श्वास.

खासगीवाले का तुम्ही?
"होते. आता सरवटे."
नोटा मोजता मोजताच बोलली,
"गाण्यामागे दीडशे, आणि दुपारी कचोरी.
मूळ काळी पाचमधलं, माझ्या गळ्याला कुठे झेपतंय!
म्हटलं, पांढरी पाचात घ्या.
तो म्हणाला, घ्या बाई, ऐकणार कोण आहे?"

मागून कुणीतरी ओरडलं, मॅडम, आगे बढ़ो!
आईचं सांगायला हवं होतं.
तो दीड सूर तुम्ही खाली आणलात ना,
तेवढ्यात आमची आई मावली, असं काहीतरी.
मी तीनशे अठरा रुपये भरले.
पावतीवरचा शिक्का जरा तिरका होता.

कॅसेट पुढे तुटली.
विन्याने नेलपॉलिशने जोडली, त्यात दोन शब्द गेले.
आम्ही ते तसंच गात राहिलो,
खड्डा चुकवून सायकल काढावी तसं.

आता लेक फोनवर पाठवत असते,
कुणी गिटारवर, कुणी नुसत्या तोंडाने,
कुठल्यातरी कॉलेजातली बावीस पोरं मिळून:
"आई, हे व्हर्जन ऐक, बेस्ट आहे."
ऐकते. चांगली असतात.
श्वास कुठे घेतात तेवढं बघते.

स्वतः गाते तेव्हा मात्र, गाडी धुताना वगैरे,
ती आमचंच गाते.
त्या जागी थबकते, दोन शब्द सोडून देते,
आणि अंतऱ्यानंतर तोंडाने हॉर्न.
ते शब्द तिने फोनवर शंभरदा ऐकलेत.
मी काही बोलत नाही.