सतरा कोण आहे?

रात्रीचे सव्वाअकरा. विडी घरकुलातले पत्रे अजून तापलेले.
नान्नांचा टॉवेलचा एकच माग उरलाय घरात, तोही झाकलेला.
मागावर प्रिंटर, प्रिंटरवर राउटर,
राउटरचा हिरवा दिवा थंडी वाजल्यासारखा थरथरतोय.
कुणी काही बघत नाही. टीव्ही बंद, फोन उशाशी.
तरी माझा कॉल अडकतो,
आणि हैदराबादची गिऱ्हाईक बाई तोंड उघडं ठेवून गोठते,
"दोनशे नग" एवढंच म्हणून.

म्हणून आज ऐकत बसले,
हवेत चाललंय तरी काय.

मंगळवारचा बाजार बरा.
प्रिंटर : मी आहे, मी प्रिंटर, मी इथं आहे.
टीव्ही : माझ्यावर कुणी काही दाखवणार का? कुणी आहे का?
दीडशे रुपयांचा बल्ब
आपल्याच कंपनीच्या दुसऱ्या बल्बाला हाका मारतोय.
दुसरा बल्ब आम्ही घेतलाच नव्हता.

आणि सगळ्यांसाठी म्हणून जे बोललं जातं
ते राउटर अगदी सावकाश सांगतो,
मोरीपलीकडच्या सगळ्यात मंद कानालाही कळावं म्हणून,
एकेक अक्षर दळून.
तेवढा वेळ बाकीचे गप्प.
झोपलेला फोन उठतो, ऐकतो, माझं नाही म्हणतो, आडवा होतो,
पुन्हा उठतो.
सकाळी बॅटरी अर्धी का, ते आज कळलं.

या गलक्यात एक हाक मात्र न थकता, एकाच सुरात :
सतरा कोण आहे? पाचला सांगा.
सतरा कोण आहे? पाचला सांगा.

पाच म्हणजे ऑर्डरींचा कॉम्प्युटर.
सतरा म्हणजे अंबादासचा लॅपटॉप.
अंबादासला जाऊन दीड वर्ष झालं.
शारजाला गेलाय, दुसरं काही नाही.

"काय करायलीस ग एवढ्या रात्री?"
नान्नांना कमी ऐकू येतं, म्हणून मी ओरडूनच सांगितलं
की घरातली यंत्रं ओरडायलीत.
ते हसले. "आमच्या कारखान्यात चाळीस माग.
कोण ओरडतंय तिथं? ओरडून कुणाला ऐकू येतंय?
धागा तुटला की उठायचं, त्याच्या खांद्याला हात लावायचा,
नुसते ओठ हलवायचे. त्याला कळतं.
शेजारच्याचा माग चालूच."

मग मी प्रिंटरला वायर लावली, हवेतून उतरवला.
टीव्हीचं शोधणं बंद.
बल्बाला वेगळं नेटवर्क, बस म्हटलं एकटा.
राउटरची सगळ्यात हळू चाल काढून टाकली
आणि त्याला बजावलं,
जे ज्याचं, ते त्याच्या खांद्याला हात लावून सांग.

एक आरडाओरडा ठेवला.
नवीन कुणी आलं की दारातून विचारतं ना,
मला नंबर नाही, कुणी देता का,
तो.
तो बंद केला तर आत्याची भार्गवी सुट्टीला येईल
आणि उंबऱ्यातच उभी राहील फोन धरून.

शेवटी सतरा.
अंबादासच्या फोल्डरची वाट पाचमधून पुसायची होती, एवढंच.
कायमची काढायची का, असं विचारलं पडद्यानं.
मी पाणी पिऊन आले.
मग हो म्हटलं.

हवा रिकामी झाली.
बाई सकाळी बोलेल आता, दोनशेच्या पुढचं.

पहाटे पावणेचारला, पाचव्या दिवशी, नळ खाकरला,
आधी नुसती हवा, मग गढूळ धार.
नान्ना उठले आणि अख्खी रांग उठेल अशा आवाजात :
"अंबादास! पाइप लाव!"
समोर गुरमांच्या घरी दिवा लागला,
कुठंतरी पिंप सरकलं.
"अंबादास!"
तिसऱ्यांदा त्यांनी श्वास घेतला
तेवढ्यात मी ओ दिली.