डावा आरसा

गाडी सेकंडहँड घेतली तेव्हाच इद्रिस मिस्तरीने दाखवलं होतं
हे बटण: एक चौकोन, त्यात तीन वाकड्या रेघा,
तव्यावरून निघावी तशी वाफ.
‘आरसे गरम होतात यानं,’ म्हणाला,
आणि गॅरेजबाहेरच्या मे महिन्याकडे हात करून
इतका हसला की पाना बॉनेटवरून खाली पडला.

खरंच आहे. भुसावळात आरसा तापवायला बटण लागत नाही.
दुपारी दार उघडायचं तर हाताला रुमाल गुंडाळतो आम्ही.
सहा वर्षं त्यावर बोट गेलं नाही,
धूळ मात्र बसली, तीही नेमकी रेघांच्या खोबणीत.

आज पौषातली पहाट, पावणेपाच.
सावद्याहून निघालो. जळगावला साडेसातचा नंबर.
बाबांच्या मांडीवर फाईल, फाईलवर मफलर,
आत डॉक्टरांच्या तिरक्या अक्षरात तो शब्द:
काचबिंदू.
मी त्याची फोड करते. काच. बिंदू.
बाहेर दोन्ही आरशांवर तेच.

केळीच्या बागा रात्रभर पाणी प्यालेल्या,
त्यांच्यातून उठून धुकं रस्त्यावर येऊन बसलेलं.
फैजपूर गेलं
ते फक्त गतिरोधकांवरून कळलं.
पुढची काच वायपर सांभाळतो.
मागचं कोण सांभाळणार?

बाबांनी बत्तीस वर्षं केळी दिल्लीला नेली.
तिकडचं ते धुकं, इकडची नुसती दुधावरची साय,
असं त्यांचं मत.
काचेवर तंबाखू चोळायचे, बटाटा कापून घासायचे,
आणि डावीकडे सुपडू असायचा,
अर्धा खिडकीबाहेर, हाताने आरसा पुसत,
‘येऊ द्या, येऊ द्या, बस्स.’
सुपडूच्या जागेवर आज ते बसलेत.
कडा गेल्यात त्यांच्या. मधलं तेवढं दिसतं,
नळीतून पाहावं तसं:
समोरच्या दिव्यांचा उजेड दिसतो,
गिअरवरचा माझा हात नाही.

‘थांबव,’ म्हणाले, ‘मी पुसतो.’
दाराचं हँडल चाचपू लागले.
समोर तापीचा पूल, थांबणार कुठे,
मागे कोण आहे तेही दिसेना.
घाईत बोट गेलं ते त्या रेघांवर.
नारंगी ठिपका लागला.

काही झालं नाही.
पूल सुरू झाला. खाली नदी नव्हती, वाफच होती.
नाव तापी, आणि अंगावरून येतो तो गारठा.

मग उजव्या आरशाच्या मधोमध
रुपयाएवढा अंधार स्वच्छ झाला.
रुपयाची वाटी झाली, वाटीची ताटली.
थेंब कडांकडे सरकत, सुकत गेले.
डॉक्टरांनी कागदावर गोल काढून
बाबांचा डोळा समजावला होता,
कडेकडून मध्याकडे पेन्सिलीने काळं करत.
हे त्याच्या बरोबर उलट.

मी म्हटलं, बाबा, तुमच्या बाजूचा बघा.
त्यांनी सगळी मान वळवली, तरी आरसा सापडेना.
तेव्हा काच खाली केली, हात बाहेर काढला,
आणि तळवा ठेवला त्यावर.
‘गरम हाये व,’ म्हणाले,
तापलेल्या पोराच्या कपाळावरून सांगावं तसं.
हात तिथेच.
मला डावीकडचं काही दिसेना, फक्त त्यांची बोटं,
एक वाकडं, जॅक निसटला होता तेव्हाचं.
हात काढा म्हणायला हवं होतं.

‘मांगून टरक येते,’ ते म्हणाले. ‘भरलेला.’
मी उजवीकडे पाहिलं. काही नव्हतं.
पूल संपता संपता दोन पिवळे ठिपके उगवले,
हळूहळू मोठे झाले.
‘कसं कळलं?’
‘कन्हते ना तो.’

मी गाडी कडेला घेतली.
ट्रक शेजारून गेला,
ताडपत्रीखालून केळीची पानं लोंबत,
धुक्याचा एक पट्टा ओढून नेत.

‘येऊ दे,’ बाबा म्हणाले. ‘येऊ दे. बस्स.’
ट्रकला की मला, कळलं नाही.
हात अजून बाहेरच होता.