तळटीप एकोणीस

पान शहाऐंशीवर नवीनचंद्र त्रिलोकेकर लिहितात:
'गुरुवार होता, म्हणून डब्यात मासळी नव्हती.
वालाचं बिरडं होतं. झाकण उघडलं
आणि गोदीच्या अंगाने आभाळ फाटलं.'

मी जुनं पंचांग काढलं.
चौदा एप्रिल चव्वेचाळीस: शुक्रवार.
समासात पेन्सिलीने लिहिलं, वार चुकला.
डबा बहुधा बरोबर.

मग आठवलं, स्फोट चारनंतरचा.
चार वाजता कुठला कारकून डबा उघडतो?
डब्यापुढेही प्रश्नचिन्ह केलं.

पुढचं पान:
पेटलेला कापूस सावरीसारखा उतरतोय,
मशीद बंदरापासून जे. जे.पर्यंत
त्यांच्या खांद्यावर एक मुलगी.
पायात एकच चप्पल.
नाव विचारलं, तिने सांगितलं नाही.

छापील पुस्तकात ती सहा वर्षांची.
सत्काराच्या भाषणात चार.
मेव्हण्याला लिहिलेल्या पत्रात ती मुलगा आहे.

पण एकच चप्पल तिन्हीकडे.
खोटं रचणारा माणूस मुलीला अनवाणी तरी ठेवतो
नाहीतर दोन्ही चपला घालतो.
चांगला लेखक एकच ठेवेल, हे खरं,
पण पंच्याऐंशी पानं वाचून सांगते,
नवीनचंद्र चांगले लेखक नव्हते.

त्यांच्या कंपनीचं हजेरीपुस्तक
फोर्टातल्या दप्तरखान्यात मिळालं.
शिपायाने टेबलावर आपटलं, डांबरगोळ्यांचा वास उठला.
त्रिलोकेकर, न. वि.: तेरा ते सोळा, रजा. ताप.

मला आनंद झाला. हेही नोंदवून ठेवते.
कागदात आयुष्य काढणाऱ्यांना होतो तसला,
मांजराच्या पंजाखाली काहीतरी हलल्यासारखा.
तापात फणफणलेला माणूस, वडाची साल पिंपळाला,
कुणा दुसऱ्याच्या खांद्यावरची मुलगी
उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतलेली.

पुस्तक मिटताना दिसलं,
अख्खा एप्रिल एकाच शाईत आहे,
तीस दिवस एकाच कलाने झुकलेले.
शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात:
'मूळ पुस्तक आगीत गेले.
जूनमध्ये स्मरणाने पुन्हा भरले.'
खाली सही. सहीवर शिक्का.

म्हणजे तीही आठवणच,
फक्त शिक्का मारलेली.

मुलाने, प्रफुल्लने, आईची हिशेबाची वही आणून दिली.
सुंदराबाई त्रिलोकेकर, एप्रिल, तारीख नाही:
'सदरा नवा, सव्वातीन रुपये. जुना जळाला.'
इस्त्रीने की कापसाने, ते नाही.
हिशेबात कारण लिहायला रकाना नसतो.

प्रफुल्ल म्हणाला, प्रकरण ठेवायचं की गाळायचं, तुम्ही ठरवा.
बाबा खोटं बोलत नसत.
मग जरा थांबून: पत्त्यांत सोडून.

त्या रात्री झोप लागली नाही.
आमच्या गिरगावच्या खोलीची काच त्याच दिवशी फुटली होती.
मी वीसेक जणांना तरी सांगितलंय:
आधी पडदा आत आला, फुगून, मग आवाज,
मग फरशीवर काच साखरेसारखी.
सांगताना दर वेळी मी डावा हात झाकून घेते.

मी जन्मले त्यानंतर अकरा वर्षांनी.
आणि मावशी म्हणते, त्या खोलीला पडदा नव्हताच.

सकाळी टीप लिहायला बसले.

'१९. वार चुकीचा, वेळ शंकास्पद.
हजेरीपुस्तक पाहावे; ते कधी भरले, तेही पाहावे.
मुलीची नोंद अन्यत्र नाही.'

चहा निवला.
मग 'नाही' खोडलं
आणि लिहिलं, 'अद्याप सापडलेली नाही.'