जाय

दुसऱ्या शनिवारी साडेपाचला, फोंड्याच्या वरच्या बाजारात,
छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या डोक्यावरच्या खोलीत
आमचं संगणक मंडळ भरतं.
किल्ली माझ्याकडे, म्हणून चिटणीसही मीच.
हजेरीपटावर अकरा. येतात सहा-सात,
पावसाळ्यात चार आणि एक कुत्रं.

या खेपेला चिठ्ठ्या वाटल्या.
छापलं मराठीत : मंडळाकडून आपणांस काय हवे?
विचारलं मात्र तोंडाला येतं तसंच,
तुमकां कितें जाय?

तळावलीकरांना त्यांचे बाबा वाचता यायला हवेत.
बाबांनी गावच्या काल्याला बावीस नाटकं बसवली,
शेवटची नऊ स्वतः टाइप केली,
कुठल्याशा फाँटात, जो आता कुणाकडेच नाही.
फाईल उघडते. पहिल्या अंकात राजा प्रवेश करतो
आणि डॉलर, स्वल्पविराम, टक्का, पुन्हा डॉलर असं काहीसं बोलतो.
तळावलीकर पडद्यावर बोट ठेवून म्हणतात, हा प्रधान असणार,
फार लांबलचक बोलतो.

दत्तेशची चिठ्ठी नुसती शून्य आणि एकची.
चाळीस आकडे. मी रात्री जेवण निवत ठेवून
आठ-आठ मोजत बसलो. रोमी लिपीतली पाच अक्षरं निघाली :
भजी.

मुश्ताक मिक्सर दुरुस्त करतो, मोबाईलच्या काचा बदलतो,
दिवसाला तीस वेळा ऐकतो, कितले घेतलो?
त्याला खिडकीपाशी एक टेबल हवं, सोल्डरिंगपुरतं,
जिथे बिघडलेली वस्तू कुणाचीच नसेल.

फ्लाविया कार्दोज मडगावहून दोन बस बदलून येते.
रुमालात गुंडाळलेली हार्ड डिस्क, भावाची, आग्नेलची.
जोडली की टक्, टक्, थोडं थांबून टक्.
पुण्याला पाठवली तर फोटो निघतील,
मुश्ताकने पत्ता लिहून दिला त्याला वर्ष झालं.
तिच्या चिठ्ठीत : पाठवू नका. दर महिन्याला फक्त
ऐकून सांगा, अजून वाजते का.

चहा येता येता वीज गेली.
यूपीएस केकाटायला लागला, सात मिनिटांची बॅटरी,
सगळ्यांनी भराभर सेव्ह केलं, एकेक पडदा मिटला,
आणि मग खाली छत्रीवाल्याचा हातोडा ऐकू आला, तारेवर, बारीक.
अंधारात दत्तेश म्हणाला, मला बंगळूरला नोकरी लागलीय.
कुणीतरी म्हणालं, बरें जालें.
कुणीतरी खुर्ची सरकवली.
तळावलीकरांनी विचारलं, तिथे जुने फाँट मिळतात का रे?
तो हसला. मग हो म्हणाला.

एक चिठ्ठी राहिलीच.
नाव नाही, अक्षर ओळखू येत नाही, कुणी डाव्या हाताने लिहिल्यासारखं.
प्रश्नाखाली एकच शब्द : जाय.

कोंकणीत वाचलं तर, हवं.
काय हवं ते पुढे नाही, नुसतं हवं,
दुकानात पोर बोट दाखवतं तसं, कशाकडे ते दिसत नाही.
मराठीत वाचलं तर जुन्या ओवीतला शब्द, निघून जातो तो.
दोन्ही भाषा माझ्या घरच्या.
मी दोन्हीकडून वाचून पाहिलं, आडवं धरून, उजेडाला धरून.
मुश्ताक म्हणाला, कदाचित लिहिता लिहिता थांबला असेल कुणी.
मला आधी दत्तेश वाटला, मग फ्लाविया,
मग, खरं सांगायचं तर, वाटून झाल्यावर उरलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या मोजल्या,
एक कमी भरली. माझीही असू शकते.

अहवालात लिहिलं :
मागण्या पाच. पूर्ण झालेली एक, भजी, दोन प्लेट.
टेबलाची चौकशी चालू.
डिस्क तपासली, वाजते.

शेवटची बस आठ दहाची.
फ्लावियाला तिठ्यापर्यंत सोडून परत आलो तेव्हा वीज आली होती,
आणि खोलीतले सगळे पंखे, बंद करायचे राहिलेले,
कुणीच नसताना फिरत होते.
मी पाच मिनिटं बसलो.
मग किल्ली.