येथून फाडा

सांवेर रोडच्या कारखान्यात
माझ्या टेबलावर एक फूटपट्टी, एक भिंग
आणि आज सकाळपासून
लसणी शेवेची एकोणीस रिकामी पाकिटं.
माझं काम कोपऱ्याचं.
रंग, वाटी, वाटीतल्या शेवेवर पिळलेलं लिंबू,
ते सगळं वरच्या मजल्यावर ठरतं.
मी ठरवते ती खाच :
उजव्या कडेला, वरून बारा मिलिमीटर,
दीड मिलिमीटर खोल,
शेजारी मुंगीएवढी कात्री
आणि दोन शब्द.

लोकमान्यनगरात आई फाडते.
आधी चिमटीनं,
मग पदराच्या टोकात धरून,
मग कात्री शोधते, सापडत नाही,
मग डाव्या दाढेनं.
"हे तुझंच का गं?"
मी पाकीट उलटं करून बॅच नंबर वाचते,
जणू तिथे दुसऱ्या कुणाचं नाव असेल.

तिच्या लहानपणी छावणीत
गेंदालाल शेव तोलायचा,
वर्तमानपत्राचा कोन वळायचा,
आणि तोलून झाल्यावर वरून एक चिमूट,
"लो बेन, ये ऊपर से."
तेलानं कागद आरपार व्हायचा,
पलीकडची मॅच उलटी दिसायची.
कुणी किती धावा केल्या ते तिला अजून आठवतं,
कोण जिंकलं ते नाही.

मला हे ऐकून गहिवर वगैरे येत नाही.
ती शाई पोटात जायची.
पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी शेव मऊ पडायची.
माझी चार महिने कुरकुरते.
आम्ही आत हवा भरतो, हवाही नाही, नायट्रोजन.
वरून टाकलेली चिमूट म्हणायची
तर आता तीच.

बैठकीत मी म्हटलं,
खाच दोन्ही कडांना देऊ, अडीच मिलिमीटर.
वयस्कर माणसांना जरा—
निगमसाहेबांना आकडे पाठ होते :
ब्लेडची झीज,
मिनिटाला सहा पाकिटं कमी.
"शिकायत आई क्या एक भी?"
नव्हती आली.
"लोग दाँत लगा लेते हैं, मैडम."
चहा आला.
चहाबरोबर आमचीच शेव, बशीत,
बाहेर कुणीतरी आधीच फाडून आणलेली.

डिसेंबरात आईची दाढ गेली.
दाढेचे पैसे मी भरले,
म्हणजे खाचेनंच भरले.
हे तिला सांगितलं तर ती इतकी हसली
की भूल उतरली नव्हती त्या बाजूनं
चहा हनुवटीवर आला.

सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी येते.
आई ओलं वेगळं, सुकं वेगळं,
पाकीट विसळून दांडीवर चिमट्यानं टांगलेलं,
शेजारी माझे मोजे.
पण फाडलेला कोपरा?
नखाएवढा, आतून रुपेरी,
ओट्यामागे, मोरीत, कधी तिच्या चपलेला.
गाडीवरची रेशमबाई एकदा म्हणाली,
"माताजी, पूरा मत तोड़ा करो,
लटकता रहने दो.
छोटा टुकड़ा हाथ में नहीं आता."
तेव्हापासून आई लटकता ठेवते.

दोन वर्षं मी तो कोपरा सुटा कसा होईल ते मोजत होते.
मिनिटाला किती, महिन्याला किती,
गुणाकार सुरू केला आणि सोडून दिला.

विसावं पाकीट.
खाचेपासून चौतीस मिलिमीटरवर
पेन्सिलीनं एक टिंब काढते. इथे थांब.
कापडाला हे सांगता येतं, शिवणीला येतं,
या फिल्मला कसं सांगायचं?
ती एकदा निघाली की निघाली,
पलीकडच्या कडेपर्यंत.

आईला फोन केला.
"तू कशी थांबवतेस?"
"काय करून राहिलीस तू ऑफिसात?
अंगठा ठेवते ना पुढे."