हेप्पु

सदतीस अंशांच्या पाण्यात नळी उभी,
नळीत कुणाचा तरी पिवळसर प्लाझ्मा.
गोकाकचा असेल, निपाणीचा असेल,
चिठ्ठीवर नुसता नंबर.

मी नळी कलंडते, सरळ करते, कलंडते.
नुसतं कॅल्शियम घातलं तर चार मिनिटं दहा सेकंद.
सिलिकाचे कण घातले: एक मिनिट बावन्न.
कण दिसत नाहीत.
पातळ होतं ते एकाएकी पातळ राहत नाही,
नळी उलटी केली तरी जागचं हलत नाही.

"हेप्पु झालं की गे," निंगव्वा म्हणते.
त्यांच्यात दह्याला लावतात तेही हेप्पु,
रक्ताचं होतं तेही.
आमच्यात विरजण वेगळं, गुठळी वेगळी,
दोन फडताळांत ठेवलेले शब्द.
वहीत मी क्लॉट लिहिते.

खानापूरला चाकावरून मडकं सोडवताना
दोरा अंगठ्यात शिरला की
आप्पा चिमूटभर शाडूमाती दाबायचे.
माती रक्त पिते, म्हणायचे.
पित नाही, आप्पा.
रक्तात बारावा म्हणून एक असतो, झोपलेला.
मातीच्या अंगाला टेकला की कूस बदलतो,
अकराव्याला उठवतो, अकरावा नवव्याला,
असं करत शेवटी धाग्यांचं जाळं.

तीच चिमूट दळत गेलं, अजून दळत गेलं,
तर वजन तेवढंच, अंग वाढत जातं.
चिमटीत आपलं अख्खं अंगण मावतं, आप्पा,
सारवायला घेतलं तर दिवस पुरायचा नाही.
आणि रक्तात पडल्या पडल्या
प्रथिनं त्या कणांवर पांघरूण घालतात.
मग रक्त कण ओळखत नाही,
पांघरूण ओळखतं.

आईच्या पोटरीत शिमग्याच्या सुमारास गुठळी धरली.
तिथं माती नव्हती, काप नव्हता,
काहीच नव्हतं.
आता संध्याकाळी अर्धी गोळी, मेथी बेतानं.
"तू बेळगावात दिवसभर करतेस काय?"
"रक्त गोठवते."
"आणि मला पातळ करायची गोळी देतेस?"
हसली, खोकली, पुन्हा हसली.

रविवारी वांगं चिरताना तिचं बोट कापलं.
"शाडूचा डबा बघ गे, माळ्यावर."
मी धुतलेलं फडकं घट्ट दाबून धरलं,
नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे.
चार मिनिटं.
पाच.
सात.
कलंडून बघायला हातात नळी नव्हती.